ॲन्युरिझमचा ‘फुगा’, क्लिपचा ‘चिमटा’

प्रश्न : मेंदूतला ॲन्युरिझम (धमनीच्या भिंतीला कमकुवत जागी आलेला फुगवटा) फुटलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पत्रक तपासतो आहे. त्यात ‘शीर फुटणे’, ‘फुगा’, ‘चिमटा’, ‘स्प्रिंग’, ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ असे शब्द आहेत. चालतील?

प्रतिसाद १ : बोलताना ‘शीर’ ठीक, छापताना ‘धमनी’. शीर म्हणजे नीला. हा आजार धमनीचा, बहुधा ती फाटा फोडते तिथला. ‘फुगा’ मात्र टाळा. ॲन्युरिझमची मान, म्हणजे धमनीला जोडलेलं तोंड, रुंद, ४ मिमीहून मोठं असलं की कॉइल (ॲन्युरिझम आतून भरायची बारीक तार) धमनीत घसरू नये म्हणून तिथे खराखुरा फुगा फुगवून धरतात. दोन फुगे एका वाक्यात आले की वाचणारा गोंधळतो. ‘फुगवटा’ लिहा.

प्रतिसाद २ : चिमटा काम झालं की काढतात. क्लिप कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर बाहेरून बसवतात, ती कायमची. वॉल्टर डँडींनी १९३७ साली चांदीची लावली होती, आता बहुधा टायटॅनियमची. ‘चाप’ म्हणा, किंवा सरळ ‘क्लिप’. केसांना लावतोच की आपण.

प्रतिसाद ३ : काढायची क्लिपही असते! फुगवटा हाताळताना मूळ धमनीवर काही मिनिटं लावतात. जास्त वेळ राहिली तर पुढच्या भागाचं रक्त तुटून लकवा होऊ शकतो. तिला ‘तात्पुरता चाप’.

कॉइलला ‘स्प्रिंग’ नकोच. लोक लगेच हृदयातल्या स्टेंटकडे जातात. स्टेंट धमनी उघडी ठेवतो, कॉइल फुगवटा भरून टाकते. जांघेतून नेलेल्या नळीतून प्लॅटिनमची बारीक तार आत वेटोळी घालते, म्हणून ‘वेटोळं’. चांगलं भरलं तरी धातू साधारण पाव भाग, बाकी रक्ताची गुठळी. ती दबली की मानेशी जागा पुन्हा उघडते. पुढे तपासण्या लागतात त्या यासाठी.

प्रतिसाद १ : ‘बिनटाक्याचं’ खरं, पण ‘सोपं’ असं ऐकू येतं. पूर्ण भूल असते, गुठळी सुटू शकते, फुगवटा आतूनच फुटू शकतो. ‘धमनीच्या आतून उपचार’ लिहा. आणि कॉइलिंगला क्लिपिंगपेक्षा ‘सरस’ म्हणताना जपून. या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या २००२च्या आयसॅट चाचणीत, २१४३ रुग्णांत, वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगनंतर २३.७ टक्के, क्लिपिंगनंतर ३०.६. पण घेतलेले रुग्ण दोन्ही उपचार चालतील असेच होते. मेंदूच्या मधल्या धमनीचा रुंद मानेचा फुगवटा, सोबत मेंदूत साचलेल्या रक्ताची मोठी गुठळी, तर बहुधा क्लिपच.

प्रतिसाद २ : ‘व्हॅसोस्पॅझम’ला ‘धमनी आखडणे’ घ्या. उपचार कुठलाही झाला तरी रक्तस्रावानंतर चौथ्या ते चौदाव्या दिवसांत हा धोका असतो. त्या काळात मेंदूला होणारी इजा कमी व्हावी म्हणून निमोडिपिन हे औषध २१ दिवस देतात.