हाताने छापलेल्या चित्राला लोक "प्रिंटच तर आहे ना" म्हणतात, किंमत कशी सांगायची?

शाईबोटं

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मिरजेची. नोकरी सोडून आता पूर्णवेळ लिनोकट करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं काढायचं, जिथे पांढरं हवं ते सगळं कोरून टाकायचं, उरलेल्या भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचं. प्रेस नाहीये माझ्याकडे, किंमत विचारली आणि गप्प घरी आले. लाकडी चमच्याने घासते, दंड भरून येतात.

विषय बहुतेक आजूबाजूचेच. सध्या सतारमेकर गल्लीवर एक मालिका चालू आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते मोठाले भोपळे भिंतीला लावून ठेवलेले असतात ना, ते, मग खुंट्या तासणारे हात, अर्धवट तंबोरे वगैरे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून बाहेरची माणसं पण गल्ली बघायला येतात, त्यामुळे चित्रं खपतील असं वाटलं होतं.

आता प्रॉब्लेम. प्रदर्शनात स्टॉल लावला की माणसं थांबतात, "वा छान" म्हणतात, किंमत विचारतात, मी नऊशे म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "अहो पण हे प्रिंटच आहे ना? ओरिजिनल कुठंय?" मग मी समजावत बसते आणि तोवर माणूस शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलवर. काहीजण तर सरळ मोबाइलवर फोटो काढतात, म्हणे आम्ही कलर प्रिंट मारून घेऊ. तोंडावर!

दुसरं म्हणजे सगळ्यांना गणपती नाहीतर वारली हवंय. गणपती एकवेळ करेन, पण वारली मी का करू? बरं नाही केलं तर भाडं कसं भरू? तुम्ही लोक काय करता, आणि मुळात काय काढायचं हे कसं ठरवता? सुचेनासं झालं की मी पिंटरेस्ट उघडते आणि मग तिथलंच डोक्यात बसतं, ते वेगळंच दुखणं.

जुना_छापखाना

ताई, आधी एक सांगा, स्टॉलवर ब्लॉक ठेवता का? कोरलेला लिनो, शाई लागलेला, तसाच? नसाल ठेवत तर उद्यापासून ठेवा, आणि लोकांना हात लावू द्या. मी आयुष्यभर प्रिंटमेकिंग केलं आणि थोडंफार शिकवलं, माझा अनुभव असा की तोंडाने कितीही सांगा, ऑफसेटवर छापलेलं पोस्टर आणि हाताने काढलेला ठसा यातला फरक माणसाला कळत नाही, पण ब्लॉकवरून बोट फिरवलं की त्याचं त्यालाच कळतं. जमलं तर दुपारी गर्दी कमी असताना एखादं पोस्टकार्डाएवढं चित्र तिथेच छापून दाखवा. कागद उचलताना तो जो चर्र आवाज येतो ना, त्याला चार माणसं हमखास गोळा होतात.

"ओरिजिनल कुठंय" याला उत्तर म्हणजे, हेच ओरिजिनल. ब्लॉक हे साधन, चित्र कागदावर. आणि हे आपण कलावाले स्वतःच्या सोयीने म्हणतो असंही नाही, कस्टम्सच्या टॅरिफमध्ये ९७ वं प्रकरण कलाकृतींचं आहे, त्यात ९७०२ खाली 'मूळ' एन्ग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ येतात. अट काय, तर कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट काढलेले हवेत, यांत्रिक किंवा फोटोवरून केलेल्या पद्धतीने नाही. म्हणजे सरकारच्या कर खात्याला जे पटलंय ते लोणचं घ्यायला आलेल्या काकांना पटायला काय हरकत आहे.

एडिशन, म्हणजे एका ब्लॉकचे किती ठसे काढायचे तो आकडा, मात्र पाळा. ३० म्हणजे ३०. खाली पेन्सिलीने डावीकडे ७/३०, उजवीकडे सही, मध्ये नाव असेल तर नाव. पेन नको. आकडा लिहिलेला दिसला की प्रश्न आपोआप बदलतो, "प्रिंट आहे का" च्या जागी "किती उरलेत" येतं.

आणि थोडं अवांतर, आपल्याकडे छापील चित्र घरात लावायची सवय काही नवी नाही. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा, रविवर्म्यांचा प्रेस १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती तिथूनच आली. गंमत म्हणजे त्या स्वस्त होत्या म्हणूनच घरोघरी गेल्या, आणि त्याचाच परिणाम असा की छापलेलं म्हणजे स्वस्त हे डोक्यात पक्कं बसलं. तुम्ही त्या समजुतीशी भांडताय, त्या काकांशी नाही.

कोल्हापुरी_माती

मी भांडी करते (स्टोनवेअर), त्यामुळे लिनोमधलं फार कळत नाही पण हिशोब सगळीकडे सारखाच गं. तू नऊशे कुठून आणलेस ते आधी सांग. मला वाटतं शेजारच्या स्टॉलवाल्याचे बघून आणलेस.

असं बसून काढ. धर एक ब्लॉक काढायला-कोरायला १२ तास, ३० ठसे घासायला, वाळत घालायला, सह्या करून पॅक करायला अजून ८. तासाचे अडीचशे लाव, त्याच्या खाली जाऊ नकोस. झाले ५०००. कागद-शाई-पॅकिंग ठशाला ६० धरले तर १८००. म्हणजे ६८००, भागिले ३०, सव्वादोनशेच्या आसपास. हा झाला नुसता खर्च. यात खराब गेलेले ठसे नाहीत, स्टॉलचं भाडं नाही, तू दोन दिवस तिथे उभी राहणार ते नाही, आणि तीसच्या तीस विकले जातात हे तर अजिबातच नाही. दुकानात ठेवायला दिलंस तर ते ३०-४० टक्के घेणार, नऊशेतले तुझ्या हातात साडेपाचशे-सहाशे येणार. तेव्हा नऊशे जास्त नाहीये, कमीच आहे असं म्हण.

आणि दुकानात नऊशे, स्टॉलवर सातशे, मैत्रिणीला पाचशे असलं करू नकोस. एकच भाव. दुकानदाराला कळलं की तो तुझा माल परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

चिंचवडकर

ग्राहक म्हणून बोलतो, राग नसावा. नऊशे जास्त नाहीत हे मान्य. पण घरी नेल्यावर त्या कागदाचं करायचं काय? फ्रेमचे वेगळे आठशे-हजार. मी मागे एका प्रदर्शनातून असंच हाताने छापलेलं चित्र घेतलं, हातकागदावर होतं, कडा अशा फाटल्यासारख्या, तीच मजा होती. फ्रेमवाल्याकडे टाकलं. त्याने चांगलं व्हावं म्हणून चारी बाजूंनी सरळ कापलं, आणि खालच्या पट्टीबरोबर पेन्सिलीची सही आणि नंबर पण गेला. बायको अजून बोलते त्यावरून.

तेव्हा चित्रासोबत एक चिठ्ठी द्या, कडा कापू नका, सही झाकू नका, काच कागदाला चिकटवू नका, वगैरे. किंवा दोन-तीन फ्रेम केलेलेच ठेवा. माझ्यासारख्या माणसाला भिंतीवर लावता येईल अशी तयार वस्तू हवी असते, ती दिसली की हात खिशात जातो. आणि दीडशे-दोनशेत काहीतरी असू द्या, कार्ड, बुकमार्क काहीही. रिकाम्या हाताने जायला लोकांनाही जीवावर येतं.

शाईबोटं

बापरे इतके प्रतिसाद, थँक्यू सगळ्यांना.

@जुना_छापखाना सर, ब्लॉक घरीच ठेवते हो, वाटायचं खराब होईल. ९७०२ चं माहीतच नव्हतं, आता बोर्डावरच लिहिते! एडिशन करते पण पेनाने लिहीत होते, बदलते.

@कोल्हापुरी_माती ताई, नऊशे खरंच शेजारचे बघून आणले होते, कसं ओळखलंस गं. तुझा हिशोब घरी आईला वाचून दाखवला, ती म्हणाली मग एवढे दिवस फुकट वाटत होतीस की काय.

@चिंचवडकर चिठ्ठीची आयडिया भारी आहे. तुमच्या फ्रेमवाल्याचं वाचून पोटात गोळा आला.

एक टेक्निकल पण विचारते. पावसाळ्यात शाई वाळतच नाही, तेलाची आहे, दोरीला क्लिप लावून टांगते पण आठवडा झाला तरी बोटाला लागते, आणि कागद दमट होऊन वाकतो तो वेगळा. कोणी काय करतं?

जुना_छापखाना

शाई कमी लावा. नव्वद टक्के वेळा तेच असतं. रोलरचा आवाज बारीक सुसू असा यायला हवा, चिकट पचपच आला की शाई जास्त झाली. कागद प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा, छापायच्या दिवशीच काढा, आणि एडिशन शक्यतो दिवाळीनंतर ते मे या काळात काढा, पावसाळ्यात कोरायचं काम करा. थंडीत लिनो कडक झाला तर थोडा वेळ उन्हात ठेवायचा, शेवटी जवसाचं तेल आणि बुचाची पूडच ती, ऊब लागली की लोण्यासारखा कापला जातो. सुरीच्या पुढे दुसरा हात कधीच ठेवू नका, हे सांगायला नको पण सांगतो.

डहाणूचा

वारलीवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. ताई, तुमचं "मी का करू" बरोबरच आहे. आमच्याकडे ही चित्रं लग्नाचा चौक म्हणून सवाशिणी भिंतीवर काढायच्या, तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या कुडावर. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर रोज काढायला घेतली, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. २०१४ पासून वारली चित्रांना जीआय पण आहे. आणि तरी शहरात कपावर, उशीवर, सोसायटीच्या गेटवर त्रिकोणाची माणसं गोल करून नाचतायत, काढणाऱ्याला तो तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवतीचा नाच) आहे हेही माहीत नसतं. गिऱ्हाईकाने मागितलं तर सरळ सांगा की वारली चित्र वारल्यांकडून घ्या, नंबर हवा तर देते. तुम्ही सतारमेकर गल्लीच करा, ती दुसऱ्या कोणाला तुमच्यासारखी दिसणार नाही.

सुचण्याबद्दल म्हणाल तर चित्रकार चित्तप्रसाद यांचे लिनोकट बघा. बंगालचे, पण १९४६ नंतर बरीच वर्षं मुंबईत अंधेरीला राहिले. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूर भागात पायी फिरून त्यांनी चित्रं केली, त्याची पुस्तिका निघाली तर इंग्रज सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. नंतर काम करणाऱ्या लहान मुलांवर लिनोची एक मालिका केली, काळं-पांढरं, बस. बूटपॉलिशवाला पोरगा आणि त्याची पेटी, एवढंच असतं पण हलता येत नाही समोरून. पैसा नव्हता, लिनो स्वस्त होता, प्रती निघायच्या, म्हणून तो निवडला. पिंटरेस्टवर तास घालवण्यापेक्षा त्यांचं एक चित्र तासभर बघा, कुठे कोरलंय आणि कुठे सोडलंय एवढंच.

हिशेबनीस

कलेतलं कळत नाही, कागदपत्रांचं सांगतो. नुसता माल विकत असाल आणि महाराष्ट्रातच, तर वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन पोर्टलवरून विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात विकायला फक्त एनरोलमेंट नंबर पुरतो. राज्याबाहेर विकणार असाल तर आधी तुमच्या सीएंना विचारा, हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे पण ती ठराविक यादीतल्या वस्तूंनाच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका, फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर तो एजंट आहे असं समजा.

आणि ते फोटो काढून कलर प्रिंट मारणारे. कॉपीराइट चित्र काढल्या क्षणापासून तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. घरात लावणाऱ्या एका काकांच्या मागे कोर्टात जाऊ नका, पण कोणी टी-शर्टवर छापून विकायला लागला तर तारखेसकट कच्ची स्केचेस आणि ब्लॉक जपून ठेवलेले कामाला येतात.

शाईबोटं

@डहाणूचा दादा, चित्तप्रसाद बघितले काल रात्री. झोप नाही लागली नीट. त्या नंबरचं खरंच सांगा, गिऱ्हाईक पाठवेन.

@हिशेबनीस सर, ब्लॉक जपायचं म्हणता, पण मी तर असं ऐकलंय की एडिशन संपली की ब्लॉकवर आडवी रेघ मारून तो बाद करायचा असतो, म्हणजे परत कोणी छापू नये म्हणून? भोपळ्यांच्या चित्राचे पाचच उरलेत. मारू का रेघ? हात होत नाहीये माझा.

कोल्हापुरी_माती

मारू नकोस गं!! स्टॉलवर काय ठेवशील मग.

जुना_छापखाना

रीत आहे खरी, रेघ मारायची आणि त्याचाही एक ठसा काढून ठेवायचा, बाद केल्याचा पुरावा म्हणून. पण सगळेच करत नाहीत. एका कोपऱ्यात, चित्राला धक्का न लावता, छोटीशी खूण कोरली तरी चालतं, पुढे कोणी छापलंच तर ती खूण कागदावर उमटते आणि चोरी कळते. ब्लॉक बघायला तसाच राहतो, स्टॉलवर ठेवता येतो. फक्त तुमच्या वहीत लिहून ठेवा कुठल्या ब्लॉकला कुठे खूण केली ते, तारखेसह. आणि जमलं तर भोपळ्यांच्या ब्लॉकचा फोटो इथे टाका, बघायचाय.