तालुका वार्ताहरांसाठी एक दिवसाची पत्रकारिता नीतिमत्ता कार्यशाळा: काय घ्यावं?

जिल्हा_आवृत्ती
तालुक्यांतून बातम्या पाठवणाऱ्या तीसेक वार्ताहरांसाठी कार्यशाळा ठरते आहे. बहुतेक जण अर्धवेळ, मोबाइलवरच बातमी टाइप करणारे. व्यवस्थापनाला एखाद्या ज्येष्ठ संपादकांचं भाषण हवंय, पण त्यानं फारसा फरक पडेल असं वाटत नाही. गुन्हेवृत्त आणि आत्महत्या एवढेच विषय घेतले तर दिवस कसा आखावा?

रात्रपाळी
भाषण अर्ध्या तासात उरका. उरलेला वेळ स्वतःच्याच पेपरची जुनी पानं समोर ठेवा, नावांवर काळी पट्टी मारून.

सकाळी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. कलम २३ नुसार फक्त नाव नाही, तर पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि वार्ताहराबरोबर प्रकाशक-मालकही जबाबदार. (हे वाक्य व्यवस्थापनासमोर मोठ्यानं वाचा.) सज्ञान पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पीडिता हयात नसली तरी ओळख उघड करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय.

सराव असा: एक काल्पनिक पोलीस प्रेस नोट द्या. त्यात गाव, आरोपीचं नाव, 'सावत्र बाप', 'सातवीत शिकणारी'. चार गट करा, प्रत्येकानं आपापली बातमी लिहायची. मग चारही भिंतीवर शेजारी-शेजारी लावा. एकानं गाव दिलेलं असतं, दुसऱ्यानं नातं, तिसऱ्यानं इयत्ता. एकट्या बातमीत ओळख नसते, चार मिळून मुलगी सापडते. आरोपी घरातलाच असेल तर त्याचं नावही गाळावं लागतं, इथे सगळे अडखळतात. 'पोलिसांनीच नाव दिलं' हा बचाव चालत नाही.

मानसी_प
दुपारच्या सत्रासाठी प्रेस कौन्सिलची २०१९ ची आत्महत्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं घ्या. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर बेतलेली आहेत. पद्धत नाही, ठिकाणाचं वर्णन नाही, फोटो नाही, चिठ्ठीतला मजकूर नाही, सनसनाटी हेडिंग नाही. 'नापास झाल्यानं' असं एकच कारण ठोकून देणं हा आपल्याकडचा सर्वात जुना दोष. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चौकटीत. निकालाच्या आठवड्याआधी ही कार्यशाळा झाली तर उत्तम.

कोरडवाहू
मानसीताई, मुद्दे पटले, पण विदर्भ-मराठवाड्यात हे जसंच्या तसं लावलं तर शेतकरी आत्महत्येची बातमी दोन ओळींची होईल आणि प्रशासन खूश होईल. पद्धत आणि फोटो गाळा, औषधाचं नाव तर अजिबात नको. पण कर्ज कुणाचं, पीकविमा मिळाला का, प्रकरण मदतीसाठी पात्र ठरलं की अपात्र आणि कोणत्या निकषावर, हे छापायलाच हवं. वार्ताहरानं त्यासाठी अंत्यविधीच्या दिवशी घरात शिरू नये. तहसील कार्यालय आणि बँकेकडून कागद मिळवावेत, घरच्यांशी नंतर बोलावं.

मानसी_प
मान्य. फक्त हेडिंगमध्ये 'कर्जामुळे आत्महत्या' असं थेट नको. कर्जाचा तपशील बातमीच्या अंगात द्या.

जिल्हा_आवृत्ती
वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलांनाही बोलवावं का?

रात्रपाळी
त्यांना आधी बोलवा. डेस्कनं नाव काढलं तरी ते तीन जागी उरतं: लिंकमध्ये, फोटोच्या फाइलच्या नावात आणि फेसबुकवर आधीच गेलेल्या पोस्टमध्ये. ई-पेपरचं पान वेगळं बदलावं लागतं. चेहरा धूसर केला तरी गणवेश, दारावरचा क्रमांक, शेजारी उभी असलेली आई यांवरून गावाला कळतंच. अशा बातमीला फोटोच नको, आणि वार्ताहरानं कच्चे फोटो पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे लेखी द्या.