मदत हवी आहे : शीतयुद्ध सुरू का झालं, हे मुलांना कसं सांगू? (गुरुवारच्या आत!)

खडूची_पूड
मंडळी, मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. गुरुवारी तास आहे.

शीतयुद्धाचा धडा घेतेय. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन या दोन महासत्ता, त्यांच्यातली स्पर्धा वगैरे फळ्यावर लिहून झालं, तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, पण १९४५ ला दोघं एकाच बाजूनं लढत होते ना? मग भांडण कशावरनं झालं?" मी म्हटलं, विचारसरणीतला फरक. तर म्हणतो, "तो आधीपासनंच होता की. तरी लढलेच की एकत्र." पुढे मी नुसती घंटेची वाट बघत उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

यावर काहीतरी करण्यासारखं सुचवा. विकिपीडियाची लिंक देऊ नका, वाचून झालंय, आणखीच गोंधळ झालाय.

चहाबाज
कितवी? कुठला बोर्ड? माध्यम? किती मुलं? किती वेळ?

अभ्यासू_८९
ताई, हा प्रश्न २५० शब्दांत लिहिताना आधी पार्श्वभूमी द्या, मग राजकीय, आर्थिक आणि लष्करी कारणं, शेवटी आजचा संदर्भ. रशिया-युक्रेन जोडलं की हमखास मार्क. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आहेत, विपूत (विचारपूस पानावर) ईमेल टाका.

खडूची_पूड
@अभ्यासू, अहो मला परीक्षा द्यायची नाहीये, शिकवायचंय.
@चहाबाज, नववी. स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. राज्यशास्त्राचा पहिलाच धडा. ६२ पोरं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका, त्यातली एक वाया गेली. आणि हो, मी विज्ञानाची. इतिहासाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत.

चहाबाज
हे आधी सांगायचं ना! प्रोजेक्टर?

खडूची_पूड
आहे. लाइट नसते.

निवृत्त_मास्तर
बाई, मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. तुमच्या त्या पोराला आधी शाबासकी द्या, त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि पुस्तकी उत्तर अपुरं आहे. फरक १९१७ पासून, म्हणजे रशियात कम्युनिस्ट क्रांती झाली तेव्हापासून होताच. हिटलर होता तोवर तो झाकून ठेवला होता. हिटलर गेल्यावर युरोपच्या मधोमध मोठी मोकळी जागा पडली आणि तिथं कोण बसणार यावरनं पेटलं. जर्मनीचं काय करायचं आणि पोलंडमध्ये सरकार कुणाचं, या दोन प्रश्नांभोवती बाकी सगळं फिरतं.

आता करायचं काय ते सांगतो. घरून पसाभर ज्वारी न्या. एक दाणा म्हणजे एक लाख मेलेली माणसं. टेबलावर अमेरिकेचे ४ दाणे ठेवा. मग एका मुलाला रशियाचे मोजायला बसवा. २७०. सोव्हिएत युनियनची २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली. पोरगं मोजत राहतं, वर्ग आधी खिदळतो, शंभराच्या पुढं गप्प होतो. मग विचारा, "तुझ्या घरात इतकी माणसं गेली आणि शत्रू दर वेळी त्याच पश्चिमेच्या दारातून आला, १८१२ ला नेपोलियन, १९१४ ला जर्मन, १९४१ ला परत जर्मन, तर ते दार तू कुणाच्या ताब्यात ठेवशील?" स्टालिनला पोलंड का हवा होता ते पोरंच सांगतील.

डॉलरवाला_बंड्या
मास्तर, हे म्हणजे स्टालिनची वकिली झाली. त्या 'दारात' पोलिश माणसं राहत होती, त्यांना कुणी विचारलं? १९३९ मध्ये हिटलरशी करार करून १७ सप्टेंबरला हेच पोलंडात पूर्वेकडून घुसले. १९४० मध्ये रशियात कातिनला आणि इतरत्र सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी वगैरे गोळ्या घालून मारले. १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुकांचं वचन दिलं आणि जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत कशी हेराफेरी झाली ते जगजाहीर आहे. नववीतल्या मुलांना एकच बाजू?

लाल_डबा
बंड्याभाऊ, न्यू जर्सीत बसून हे सोपं आहे. १९१८ मध्ये रशियाच्या आर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोक बंदरांत अमेरिकी सैनिक उतरले होते, ते काय सहलीला? सोव्हिएत सरकारला अमेरिकेनं मान्यता दिली १९३३ मध्ये. स्टालिन जर्मनीविरुद्ध पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा म्हणून वर्षानुवर्षं सांगत होता, ती नॉर्मंडीत उघडली जून १९४४ मध्ये. तोवर लाल सैन्यानं कंबरडं मोडलं होतं जर्मनांचं. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण येते न येते तोच अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी रशियाला जाणारी युद्धमदतीची जहाजं थांबवली. आणि वर अणुबॉम्ब!

डॉलरवाला_बंड्या
ती मदत होती किती ते पण सांगा ना. सुमारे ११ अब्ज डॉलरची. लाल सैन्य बर्लिनकडे गेलं ते अमेरिकन स्टुडबेकर ट्रकांत बसून.

चहाबाज
या दोघांच्या मध्ये कुणीतरी लोखंडी पडदा टाका रे.

अभ्यासू_८९
लोखंडी पडदा (युरोपचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करणारी रेघ) हा शब्द ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन येथील भाषणात वापरला. पाठ करून ठेवा.

काना_मात्रा
चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हते. जुलै १९४५ च्या निवडणुकीत हरले होते. त्याच महिन्यात जेत्यांची पॉट्सडॅमची परिषद सुरू झाली तेव्हा खुर्चीत चर्चिल होते, संपली तेव्हा नवे पंतप्रधान अ‍ॅटली. शिवाय 'शीतयुद्ध' हा शब्द गाइडांत अमेरिकन पत्रकार लिपमनच्या नावावर असतो, पण इंग्रज लेखक ऑर्वेलनं तो ऑक्टोबर १९४५ मध्येच वापरला होता. आणि धाग्याच्या शीर्षकात 'सुरू का झालं' नंतरचा स्वल्पविराम अनावश्यक आहे.

खडूची_पूड
स्वल्पविराम काढते, पण गुरुवार झाल्यावर.
मास्तर, ज्वारीचं जमेल. पण नुसते दाणे दाखवून दुसरी बाजू कशी येईल? बंड्यांचं म्हणणं मला पटतंय.

निवृत्त_मास्तर
पटायलाच हवं. दाणे म्हणजे स्टालिनचा माफीनामा नव्हे, त्याची भीती कुठून आली एवढंच. अमेरिकेची भीती वेगळी सांगा. १९४६-४७ च्या कडक हिवाळ्यात युरोपात कोळसा नाही, पोटाला नाही, फ्रान्स-इटलीत कम्युनिस्ट पक्ष जोरात. ब्रिटननं हात वर केले की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपत नाही. म्हणून १२ मार्च १९४७ ला ट्रुमननं अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे त्यांच्या संसदेकडे, ४० कोटी डॉलर मागितले आणि जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शलनं युरोपला मदतीची योजना मांडली. ही मदत पूर्व युरोपलाही देऊ केली होती, चेकोस्लोव्हाकिया यायला तयारही होता, मॉस्कोनं थांबवलं. म्हणजे एकाला वाटतं मी माझं दार लावतोय, दुसऱ्याला वाटतं हा घर बळकावतोय. तुमच्या त्या पोराला हे सांगा.

झुळूक
ज्वारी वाचून आठवलं, ७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. आमची आई तिची भाकरी थापायची, ती परातीतच चिरायची. आणि गंमत बघा, शाळेच्या वह्यांना कव्हरं असायची 'सोव्हिएत लँड' या रशियन नियतकालिकाच्या गुळगुळीत कागदाची. पोटात अमेरिका, दप्तरात रशिया!

लाल_डबा
अगदी! त्या कागदाला असा एक वास यायचा. आमच्याकडे ट्रॅक्टरवर बसलेल्या बाईचं कव्हर भूगोलाला असायचं.

काना_मात्रा
मिलो १९७२ ची. धागा १९४५ चा आहे.

स्प्रेकाठची_मावशी
मी बर्लिनमध्ये २२ वर्षं राहते, म्हणून नकाशाबद्दल सांगते. भारतातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला वाटतं की बर्लिन दोन जर्मनींच्या सीमेवर होतं. नव्हतं! युद्धानंतर जर्मनीचे चार विभाग जेत्यांनी वाटून घेतले, त्यांतल्या सोव्हिएत विभागाच्या पार आत ते होतं, पश्चिमेच्या हद्दीपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. फळ्यावर एक मोठा गोल काढा, त्याच्या पोटात एक लहान गोल आणि लहान गोलाचेही भाग पाडा. हे कळल्याशिवाय नाकेबंदी कळतच नाही.

जून १९४८ मध्ये पश्चिमेनं आपल्या विभागांत नवं चलन आणलं, सोव्हिएत बाजूनं रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. वीस लाखांवर माणसं अडकली. मग मे १९४९ पर्यंत सगळं विमानानं आणलं. पोरं म्हणतील चॉकलेटं, कारण रुमालाच्या छत्रीला चॉकलेट बांधून टाकणाऱ्या वैमानिकाची गोष्ट सगळीकडे असते. खरं वजन होतं कोळशाचं, मालाचा जवळपास दोन तृतीयांश. विमानात कोळशाची पोती! टेम्पलहोफचा तो विमानतळ २००८ ला बंद झाला, आता तिथं लोक धावपट्टीवर सायकली चालवतात, मीही चालवते.

अभ्यासू_८९
म्हणूनच रशियाने बर्लिनची भिंत बांधली.

स्प्रेकाठची_मावशी
अरे बाबा, भिंत ऑगस्ट १९६१ ची, आणि बांधली पूर्व जर्मनीनं. बारा वर्षं नंतर.

चहाबाज
खडूताई, एक राहिलंच. शाळा कुठे आहे?

खडूची_पूड
कोल्हापूरजवळ. त्यानं काय फरक पडतोय?

चहाबाज
काय फरक पडतोय?! अहो, वळिवडे!

खडूची_पूड
वळिवड्याचं काय? आमची पोरं दिवाळीचे कपडे गांधीनगरलाच घेतात. तिथनं पलीकडेच आहे.

चहाबाज
मग बसा आणि वाचा. तुमच्या गांधीनगरच्या जागी १९४३ पासून पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळपास ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बंड्या म्हणतोय त्या १९३९ नंतर सोव्हिएतांनी पूर्व पोलंडातून लाखो लोक मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. १९४१ ला हिटलर रशियावर उलटला, स्टालिनला मित्र हवे झाले, तेव्हा त्यांना सोडलं. त्यांतले काही इराणमार्गे भारतात आले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची.

आता तुमच्या पोराचा प्रश्न इथं लावा. युद्ध संपलं, जर्मनी हरली, पोलंड जिंकणाऱ्यांच्या बाजूला. मग ही माणसं घरी का गेली नाहीत? कारण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सरहद्द पश्चिमेकडे सरकवली आणि यांतल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली. जुलैत ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या, सोव्हिएतांच्या बाजूच्या सरकारला दिली. ज्यांनी सैबेरियात नेलं त्यांच्याच छायेत परत जायचं? बरेच जण मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांचं गांधीनगर झालं. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, पोरांना दाखवा.

डॉलरवाला_बंड्या
मी कोल्हापूरचा, महावीर गार्डनमध्ये भेळ खात लहानाचा मोठा झालो आणि हे मला माहीत नव्हतं. गप्प बसतो.

लाल_डबा
मीही आज तेवढंच म्हणतो. पण दुसऱ्या आघाडीचा मुद्दा सोडलेला नाही.

निवृत्त_मास्तर
बाई, वळिवड्यापासूनच सुरू करा. ज्वारी नंतर. आणि वेळ उरला तर चिठ्ठी. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिलनं कागदाच्या तुकड्यावर लिहिलं : रुमानिया ९० टक्के रशियाचा, ग्रीस ९० टक्के आमचा, युगोस्लाव्हिया निम्मा-निम्मा. स्टालिननं निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. तीच चिठ्ठी वर्गात फिरवा.

खडूची_पूड
गुरुवार झाला. लगेच लिहिते, नंतर राहून जाईल.

वळिवड्यानं काम केलं. एका मुलीचे आजोबा तिकडचेच, घरात "पोलंडवाल्या बायका" असं ऐकलंय म्हणाली, पण तिला वाटायचं पोलंड हे कुठलंतरी दुकान आहे. प्रश्न विचारणारा पोरगा म्हणाला, "म्हणजे जिंकल्यावर वाटणी आली आणि वाटणीत भांडण झालं." मी म्हटलं, वाटणी आणि भीती, दोन्ही लिही.

ज्वारीला वेळ जास्त गेला. १४० ला मोजणारा चुकला, परत पहिल्यापासून. भारताच्या सैनिकांचा आकडा सुमारे ८७ हजार, म्हणजे एक दाणाही पुरता भरत नाही, तर मुलं जरा हिरमुसली. मग एकीनं विचारलं, बंगालच्या दुष्काळात १९४३ ला तीस लाख मेले असं पाचवा धडा का कुठंतरी आहे, ते कुठल्या ढिगात? मास्तर, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी ३० दाणे वेगळे ठेवले टेबलाच्या कडेला, कुणाच्याच ढिगात नाही.

चिठ्ठी फसली. तिसऱ्या बाकापर्यंत गेली आणि कुणीतरी तिच्यावर शून्य-फुलीचा डाव मांडला.

निवृत्त_मास्तर
बंगालचं बरोबर विचारलं पोरीनं. मलाही ३४ वर्षांत सुचलं नव्हतं.

झुळूक
दाणे नंतर काय केलेत? वाया घालवू नका हो.

खडूची_पूड
शिपाई मामांनी नेले, त्यांच्याकडे कोंबड्या आहेत.

शीतल_वारा
नमस्कार, धागा आत्ताच पाहिला. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. कुठला बोर्ड आहे? माझ्याकडे ४० स्लाइडची पीपीटी तयार आहे, प्रोजेक्टरवर मस्त दिसते.