मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू व मज्जारज्जूच्या आजाराचे निदान नक्की करण्यासाठी त्या आजाराच्या खास तज्ज्ञाकडे जावे का?

प्रश्न (नाशिक):
माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेल्या वर्षी दोन-तीन दिवसांत मंदावली. डोळा हलवला की दुखत असे आणि लाल रंग फिका दिसत असे. स्टेरॉइडनंतर ते बरे झाले. आता तिला कमरेखाली बधिरपणा आला असून लघवीला त्रास होतो. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर लांबलचक डाग आहे, मेंदूत मात्र फारसे काही नाही. येथील न्यूरोलॉजिस्टनी एमएसची शक्यता सांगितली असून इंटरफेरॉन हे एमएसचे औषध सुरू करण्याचा त्यांचा विचार आहे. मुंबईत केवळ एमएस पाहणाऱ्या तज्ज्ञांना दाखवल्याने खरोखर फरक पडेल का?

उत्तर (न्यूरोलॉजिस्ट, पुणे):
ताई, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून निदान करणे योग्य होणार नाही, पण इंटरफेरॉन सुरू करण्यापूर्वी दुसरे मत अवश्य घ्या. एमएसमध्ये मज्जारज्जूवरचे डाग सहसा लहान असतात. डाग सलग तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा असेल, तर एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग-प्रतिपिंडांचा आजार (दोन्हींत शरीराचीच प्रतिपिंडे डोळ्यांच्या नसा व मज्जारज्जूवर हल्ला करतात) या दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात. एनएमओ हा अनेक वर्षे एमएसचाच एक प्रकार समजला जात असे. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याचे प्रतिपिंड शोधले, आणि ते मज्जासंस्थेतील अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते हे पुढच्याच वर्षी कळले. हा भेद केवळ नावापुरता नाही, कारण इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधे एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात.

या प्रतिपिंडांसाठी रक्ताची तपासणी सेल-बेस्ड (पेशी वापरून केलेल्या) पद्धतीने होते का, हे प्रयोगशाळेला विचारा. एलायझा ही दुसरी पद्धत तितकी भरवशाची नाही. नमुना प्लाझ्मा एक्स्चेंजच्या (रक्तातील द्रव भाग बदलून प्रतिपिंडे काढण्याच्या उपचाराच्या) आधीच, आणि जमल्यास स्टेरॉइडच्याही आधी, घेतलेला बरा.

मात्र तज्ज्ञांच्या वेळेसाठी सध्याच्या झटक्याचे उपचार थांबवू नका. लघवी अडत असेल तर आजच रुग्णालयात जा. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन साधारणतः रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात, आणि त्याने उतार पडला नाही तर प्लाझ्मा एक्स्चेंज लवकर करावे लागते. एनएमओच्या झटक्यात गेलेली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही, म्हणून येथे दिरंगाई महागात पडते.

उत्तर (एनएमओची रुग्ण, कोल्हापूर):
मुंबईला जाताना एमआरआयचा केवळ अहवाल नव्हे, तर सीडीही न्या. तज्ज्ञ चित्रे स्वतः पाहतात आणि माझ्या बाबतीत निदान तेथेच बदलले. प्रत्येक झटका कधी सुरू झाला, किती दिवस टिकला आणि कशाने उतरला हे एका कागदावर लिहून ठेवा. मला रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस-बी आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या. त्या सांगितल्या तर टाळू नका. आता माझे इन्फ्युजन (शिरेतून औषध देणे) कोल्हापुरातच होते आणि तज्ज्ञांना मी वर्षातून एकदा दाखवते. त्यामुळे तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांना सोडण्याचे कारण नाही. मुंबईला जाण्याचे त्यांना आधीच सांगा आणि त्यांचे पत्र सोबत न्या.

उत्तर (रुग्णाचे वडील, ठाणे):
निदान एमएसचेच ठरले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडेही जरूर चौकशी करा.