जिप्सीला मोठे टायर घातले, आता क्राउन-पिनियन बदलायचंय. पुण्यात नीट बसवून देणारं कोणी आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. (क्राउन-पिनियन म्हणजे अॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, जी शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवते.)

गाडी बाबांची जिप्सी किंग, १३०० सीसी पेट्रोल. दिवाळीत मूळचे २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातले. पूर्वी जिथे पोट घासायचं तिथून आता सहज निघते, पण चढाला दम राहिला नाही. ताम्हिणीत जिथे चौथ्यात जायची तिथे तिसरा टाकावा लागतो. सिंहगडावर तर गर्दीत पहिल्यावरही क्लच धरून ठेवावा लागला आणि जळका वास आला. बाबांनी इतकी वर्षं जपलेली गाडी, फार वाईट वाटलं.

हिशेब केला. जुना टायर साधारण ६६८ मिमी उंच, नवा ७३३. म्हणजे जवळजवळ १० टक्के फरक. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा मोबाइलवर ६६. मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एकच चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल, मागच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण. चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, तर शाफ्टचे चारला जरा कमी फेरे झाले. एक चाक जमिनीवर असलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक, म्हणून हेच क्राउन-पिनियनचं प्रमाण. ३.९ धरलं तर टायरच्या १० टक्के फरकासाठी मला ४.३ च्या आसपासचा सेट हवा.

ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्सनंतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअर बदल, असं एक मित्र म्हणतो. त्याने ताकद मिळेल, पण जिप्सीची स्पीडोची केबल ट्रान्सफर केसमधूनच, त्या गिअरच्या नंतर निघते, त्यामुळे ६० चे ६६ तसेच राहतील. क्राउन-पिनियन बदललं तर तेही आपोआप जुळतं.

आमचे मिस्त्री म्हणतात, आत्ता फक्त मागचं करू, पुढचं नंतर बघू. मला हे पटत नाही. फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असेल तर चाकं एकमेकांशी भांडणार आणि डांबरावर काहीतरी तुटणार. माझं काही चुकत असेल तर जरूर सांगा.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरलो. एकाकडे जुना क्राउन मिळाला, पिनियन मात्र दुसऱ्याच जोडीतला. हे दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून नाही घेतला.

खरी अडचण बसवण्याची आहे. दोन गॅरेजवाले म्हणाले, "अंदाजाने बसवतो, होऊन जातं." मला डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजणारा, शिम (पातळ चकत्या) बदलून पिनियनची खोली जुळवणारा आणि दातांना ब्ल्यू (निळा रंग) लावून ते एकमेकांना कुठे टेकतात त्याचं मार्किंग दाखवणारा माणूस हवाय. पुणे, पिंपरी-चिंचवड, कुठेही चालेल. गाडी दोन आठवडे ठेवायची तयारी आहे, फक्त जूनच्या आत काम व्हायला हवं. पावसात मुळशीकडे शेतावर जायला फोर व्हीलशिवाय भागत नाही.

कोणी हे काम करून घेतलं असेल तर सेट कुठून आणला, त्यानंतर किती किलोमीटर झाले आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून आवाज येतो का, एवढं नक्की लिहा.