ई-रीडर सुरू होताना अर्ध्यावर अडकतो, काय करू?

वाळपईची_बाय
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. माझा ई-रीडर सहा इंची, काळा-पांढरा, सहा वर्षांचा जुना. शुक्रवारपासून सुरूच होत नाहीये. बटण दाबलं की कंपनीचं चित्र येतं, खालची पट्टी भरू लागते, अर्ध्याच्या जराशी पुढे जाते आणि तिथेच ठिय्या देते. रात्रभर तसाच ठेवला, सकाळी पट्टी होती तिथेच.

वाळपईहून पणजीला रोज बसने जाते, एका बाजूचा दीड तास. या पावसात खिडक्या बंद, काचेवर वाफ, शेजारचा माणूस फोनवर कोणाचं तरी लग्न जमवत असतो. वाचायला काही नसलं की साखळीपासून बाणस्तारीपर्यंतचा रस्ता संपता संपत नाही. चार दिवस मी समोरच्या सीटच्या पाठीवर पेनने लिहिलेली नावं वाचतेय.

दुकानात दाखवला. त्याने हातातही न घेता "नवीन घ्या बाय" म्हटलं. लेकीने पहिल्या पगारातून दिलेली वस्तू आहे, इतक्यात टाकवत नाही. चार्जिंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून करते. पाण्यात पडला नाही, आपटला नाही, मी काही नवीन केलंही नाही.

पुण्याचा_पुस्तकी_किडा
मंगळवार, रात्री ११.१५

ताई, गोव्याची हवा दमट आहे. दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, आतली ओल निघून जाईल.

वाळपईची_बाय
मंगळवार, रात्री ११.२२

उकड्या की सुरय?

म्हापशाचा_सोल्डरवाला
बुधवार, सकाळी ७.०५

कुठल्याच नको. तांदूळ आतली ओल काही ओढत नाहीत, उलट त्यांची पिठी चार्जिंगची केबल लावतात त्या पोर्टमध्ये जाऊन बसते.

आता मुद्द्याचं. ई-रीडरचा पडदा फोनसारखा नसतो. त्यात बारीक कुप्या असतात, कुपीत काळे आणि पांढरे कण, त्यांच्यावर उलटसुलट विद्युतभार. वीज दिली की कण वर-खाली सरकतात, वीज काढली तरी जिथे आहेत तिथेच राहतात. बॅटरी पार मेली तरी शेवटचं चित्र पडद्यावर तसंच दिसतं. म्हणून तुम्हाला तो अडकलाय असं वाटतंय, पण बहुतेक तो पट्टी भरता भरता बंद पडलाय आणि चित्र मागे राहिलंय. माझ्याकडे असे येतात त्यातले निम्मे तरी "अडकलेले" नसतातच, उपाशी असतात.

उपाशी कसे? लिथियमची बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्टच्या आसपास असते. ३ च्या खाली उतरली की बहुतेक यंत्रं स्वतःच तिला तोडतात. सुरू होताना यंत्र एकदम जास्त करंट ओढतं. बॅटरी अशक्त असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतो आणि खेळ खलास. कॉम्प्युटरचा साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो. तेवढ्यात तो पुन्हा पुन्हा सुरू व्हायला गेला तर जेवढं भरतं तेवढंच खर्च होतं.

तर असं करा. घरातला जुना, साधा मोबाइलचा चार्जर शोधा, भिंतीतल्या प्लगला लावा, चार तास बटणाला हात लावू नका. मग चार्जरवर असतानाच बटण धरून ठेवा आणि मनात ४० आकडे मोजा. दहावर सोडू नका, लोक दहावर सोडतात आणि मला शिव्या घालतात.

दिवा लागतो का तेही सांगा.

वाळपईची_बाय
बुधवार, रात्री ९.३०

भाई, दिवा कधी लागतो, कधी नाही. केबल जरा वाकवली की लागतो. मी इतके दिवस पोर्टखाली पेन्सिल ठेवत होते, ते सांगायचं राहिलं.

म्हापशाचा_सोल्डरवाला
बुधवार, रात्री ९.४१

हेच आधी सांगायचं असतं.

टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा. हिरवट किंवा पांढुरका थर दिसेल. ओल्या छत्रीशेजारी पर्समध्ये राहिला की पावसाळ्यात तांब्याला असं होतंच. केबल काढा, यंत्र बंदच असू द्या. मऊ टूथब्रशला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब लावून हळूच घासा. सुई, टाचणी, हेअरपिन अजिबात नको, आतली जीभ तुटते. अर्धा तास पंख्याखाली वाळवा, मग चार्जिंग.

वाळपईची_बाय
गुरुवार, रात्री १०.१०

थर होता! सासूबाईंच्या देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या निरांजनासारखा हिरवा. ब्रशने काढला. चार तासांऐवजी पाच तास लावला, कारण मध्ये अर्धा तास वीज गेली. ४० आकडे मोजले. आता पट्टी शेवटपर्यंत जाते, पुस्तकांची यादी दिसते, मिनिटभर थांबते आणि पुन्हा कंपनीचं चित्र. परत पट्टी, परत यादी. गोल गोल.

पेडण्याची_वाचक
गुरुवार, रात्री १०.२५

बाय, आता बॅटरीचा दोष नसणार. माझं एकदा असंच झालं होतं. यादी दिसते म्हणजे यंत्र सुरू झालंय, पण मागे ते नव्या पुस्तकांची, शोधायला लागते ती, शब्दसूची करायला बसतं. एखादी फाईल खराब असली किंवा फारच मोठी असली की त्याचा दम संपतो आणि ते पुन्हा सुरू होतं. शुक्रवारच्या आधी काय भरलं होतं, नीट आठवून बघ.

वाळपईची_बाय
गुरुवार, रात्री १०.४८

भरलं होतं. म्हणजे मी नाही, भाच्याने. माझे बाबा चाळीस वर्षांपूर्वी इथल्या दिवाळी अंकांत कथा लिहायचे. ते अंक वाळवीच्या तडाख्यातून वाचलेत तेवढे भाच्याने स्कॅन केले आणि गुरुवारी रात्री एकच पीडीएफ करून घातली. मी त्याला "काही नवीन" धरलं नव्हतं, कारण अंक जुने ना.

फाईल ४१० एमबी आहे.

म्हापशाचा_सोल्डरवाला
गुरुवार, रात्री ११.०२

रंगीत स्कॅन असणार.

वाळपईची_बाय
गुरुवार, रात्री ११.०४

रंगीत. पिवळा पडलेला कागद छान दिसतो म्हणे.

पेडण्याची_वाचक
गुरुवार, रात्री ११.२०

तुझ्या पडद्याला करड्याच्या १६ छटाच दाखवता येतात, पिवळा कागद फुकट गेला गं.

यादी दिसते त्या मिनिटभरात कॉम्प्युटरला जोड. केबल डेटाची हवी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्याने रीडरचा ड्राइव्ह, म्हणजे त्याची साठवण, कॉम्प्युटरवर दिसतच नाही. ड्राइव्ह दिसला की आधी ती पीडीएफ काढ, बाकी कशाला हात लावू नको. फॅक्टरी रीसेट तर इतक्यात नकोच. विकत घेतलेली पुस्तकं खात्यातून परत येतात, पण आपण हाताने भरलेलं सगळं जातं.

वाळपईची_बाय
शनिवार, दुपारी १.१५

झालं! पहिल्या दोन वेळा ड्राइव्ह दिसेपर्यंत यंत्र परत सुरू झालं. तिसऱ्यांदा भाचा माऊस धरून मांजरासारखा दबा धरून बसला होता, त्याने फाईल उडवली. काल संध्याकाळपासून एकदाही अडकला नाही. माझ्या खुणा, टिपणं, सगळं जागच्या जागी.

बाबांच्या कथा भाचा पुन्हा करतोय. करड्या रंगात, इंचाला २०० ठिपके (डीपीआय), कडेचे पांढरे समास कापून, आणि प्रत्येक कथेची वेगळी फाईल. पहिली झाली, ३ एमबी. अक्षर जरा बारीक येतं, पण आडवं धरलं की वाचता येतं.

म्हापशाचा_सोल्डरवाला
शनिवार, दुपारी १.४०

छान. भाच्याला सांगा, केबल ओढण्याआधी कॉम्प्युटरवर इजेक्ट करायचं, म्हणजे जोडणी रीतसर तोडायची. या यंत्रांची साठवण बहुधा साध्या फॅट३२ पद्धतीची असते, लिहिणं चालू असताना केबल उपटली तर फाईल अर्धवट राहते. आणि पर्समध्ये ठेवताना झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला. पेन्सिल काढून टाका आता.