पिलोनिडल सायनस: लेझर, लिम्बर्ग की कॅरिडॅकिस?

मधुरा_स: माझ्या भावाला पिलोनिडल सायनस आहे (कुल्ल्यांमधल्या घळीत कातडीखाली केस अडकून झालेली, पू येणारी नळी), वय 23. माकडहाडावर मधल्या रेषेत तीन बारीक छिद्रं आहेत आणि डावीकडे दीड इंचावर पू येणारं तोंड. दोनदा गळू फोडून झालंय. एक सर्जन लेझर (नळी आतून जाळणं) सांगतात, दुसरे लिम्बर्ग फ्लॅप (शेजारची कातडी फिरवून जखम झाकणं), तिसरे म्हणतात कापून जखम उघडी ठेवू. मधुमेह नाही, सिगारेट आहे. निवड कशावरून करायची?

शल्यमित्र: कापून थेट मधल्या रेषेत टाके घालायचं कुणी सुचवलं, तर आधीच नको म्हणा. कुल्ल्यांमधली घळ तेवढीच खोल राहते, टाके घामात आणि ताणाखाली असतात, केस पुन्हा त्याच रेषेतून आत शिरतात.

उघडी जखम भरायला दोन महिने सहज लागतात, रोज ड्रेसिंग. ती तळापासून भरली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते.

लिम्बर्गमध्ये शंकरपाळीच्या आकाराचा, 60 आणि 120 अंशांच्या कोनांचा तुकडा काढतात आणि कुल्ल्यावरची तेवढीच कातडी चरबीसकट फिरवून बसवतात. घळ उथळ होते, हाच खरा फायदा. गडबड होते ती खालच्या टोकाला: ते मधल्या रेषेत राहिलं तर गुदद्वाराजवळ ओल धरून टाके उसवतात. म्हणून सुधारित पद्धतीत ते टोक 1-2 सेंमी बाजूला घेतात. तुमचे सर्जन तसं करणार का, हे जरूर विचारा. ड्रेनमधला (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) स्राव 24 तासांत 20-30 मिलिच्या खाली आला की ड्रेन काढतात, टाके साधारण 10-14 दिवसांनी. व्रण मोठा असतो आणि फ्लॅपवर बधिरपणा राहू शकतो.

निशिगंध: कॅरिडॅकिसचाही विचार करा. या ग्रीक सर्जननी 1973 मध्ये ही पद्धत मांडली. लंबगोल छेद मुद्दाम एका बाजूला घेतात, दुसऱ्या बाजूची कातडी मोकळी करून ओढून आणतात, त्यामुळे टाक्यांची रेषा घळीबाहेर पडते. व्रण लिम्बर्गपेक्षा सुबक. बाजूचं तोंड छेदात मावत असेल तर मी आधी हीच पद्धत सुचवेन, फार लांब असेल तर लिम्बर्ग.

लेझर एक-दोन छिद्रं आणि सरळ नळी असेल तेव्हा शोभतं. आधी ब्रशनं आतले केस पूर्ण काढावे लागतात. नळीचा फाटा किंवा केस राहिला की आजार परततो. माणूस लवकर कामावर जातो हे खरं, पण घळ तशीच राहते. आणि केस काढायचं लेझर ही पूर्ण वेगळी गोष्ट, ते कुठल्याही ऑपरेशननंतर उपयोगी पडतं.

मधुरा_स: घरचे क्षारसूत्र (क्षार लावलेला औषधी दोरा नळीत बांधायचा आयुर्वेदिक उपचार) म्हणतात.

शल्यमित्र: त्याचा मुख्य वापर भगंदरात. इथे नळी कापली गेली तरी मधली छिद्रं आणि खोल घळ यांचं काय? तोंड गुदद्वाराजवळ असेल तर मात्र भगंदर नाही ना, हे एमआरआय करून पाहा. सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद हवी, नाहीतर फ्लॅपची कड काळी पडण्याचा धोका वाढतो. सध्या पू साचला असेल तर तो निचरू द्या, फ्लॅप नंतर.